दोन थापा

परवाच्या नेमबाजीच्या सामन्यात मी दोन थापा मारल्या. एक मॅगझिनच्या, म्हणजे पिस्तुलात काडतुसे पुरवणाऱ्या डबीच्या, बुडावर आणि दुसरी रेंज ऑफिसरला, म्हणजे सामन्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला. दोन्ही एका तिऱ्हाइताने एकाच वाक्यात चव्हाट्यावर आणल्या, आणि हा लेख लिहायला बसेपर्यंत तरी त्या गृहस्थांविषयीचा माझा राग निवळलेला नाही.

प्रकार २५ मीटर स्टँडर्ड पिस्तुलाचा होता. यात एकूण ६० गोळ्या पाच-पाचांच्या मालिकांत झाडायच्या असतात; पहिल्या चार मालिकांना प्रत्येकी १५० सेकंद, पुढच्या चारांना २० आणि शेवटच्या चारांना अवघे १० सेकंद मिळतात. या शेवटच्या चारांपैकी माझी दुसरी मालिका चालू होती. तांबडा दिवा गेला, हिरवा लागला, हात वर आला, पहिली गोळी दहात गेली, दुसरी नवात गेली आणि तिसऱ्या वेळी ट्रिगर दाबला तर काहीच झाले नाही. पाहतो तो बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग, अर्धवट उघडा, आणि त्या फटीत एक काडतूस वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे मान खाली घालून उभे.

अशा वेळी काय करायचे हे नियमात स्वच्छ लिहिलेले आहे. पिस्तुलाचे तोंड लक्ष्याच्या दिशेलाच ठेवायचे, मूठ सोडायची नाही आणि मोकळा हात वर करायचा. अडथळा ग्राह्य ठरला तर मालिका पुन्हा खेळायला मिळते. स्पर्धकाने स्वतः तो दूर करण्याचा प्रयत्न केला, तर मात्र पिस्तुलाचा एखादा भाग मोडलेला असल्याखेरीज तो हक्क गेला. लागल्या तेवढ्या गोळ्यांचे गुण आणि उरलेल्यांना शून्य. हे सगळे मला पाठ आहे. माझ्या डाव्या हाताला मात्र ते कोणी शिकवलेले नाही. सरावात गोळी अडकली की मॅगझिनच्या बुडावर तळहाताची थाप द्यायची, ही त्याची जुनी खोड. त्यामुळे वर जाण्याआधी तो खाली गेला, त्याने थाप दिली, उपयोग झाला नाही हे त्याच्या लक्षात आले, आणि मग तो मोठ्या सोज्ज्वळपणे वर गेला.

रेंज ऑफिसर आले. "कशाला हात लावलात का? बोल्टला? सेफ्टीला?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. हे शब्दशः खरे होते. मॅगझिनचे त्यांनी विचारले नव्हते आणि मी सांगितले नव्हते.

तेवढ्यात मागच्या दोरीपलीकडून, प्रेक्षकांच्या खुर्च्यांतून, खणखणीत आवाज आला : "थाप मारली यांनी!"

रेंज ऑफिसर गर्रकन वळले. "काय म्हणालात?"

"यांनी थाप मारली. मी स्वतः पाहिली."

"थाप पाहिली?"

"हो, डाव्या हाताने मारली."

डाव्या हाताने खोटे बोलणारा माणूस त्यांना आजवरच्या नोकरीत पहिल्यांदाच भेटला असावा, कारण ते बराच वेळ माझ्या डाव्या हाताकडेच पाहत राहिले. हात अजून वर होता. तो खाली घेतला तर गुन्हा कबूल केल्यासारखे दिसेल आणि वर ठेवला तर शपथ घेतल्यासारखे, या पेचात मी तो कोपरात थोडा वाकवून ठेवला.

"मॅगझिनच्या बुडावर हो," गृहस्थांनी खुलासा केला. "खालून वर. आणि ती मारायचीच नव्हती. मॅगझिन पुरतं बसलं नसेल तर थाप कामाची. यांचं मॅगझिन बसलेलंच होतं. काडतुसाचं नाक खाली गेलंय, ते थापेनं कसं वर येईल? तुम्हीच सांगा."

रेंज ऑफिसरांनी त्यांना काही सांगितले नाही. मला एवढेच विचारले, "थाप मारली होती का?" आता या प्रश्नाला कोणत्याही अर्थाने 'हो' एवढे एकच उत्तर होते. मालिकेचे गुण ५० पैकी १९.

नियमावर माझा राग नाही, असे मी त्या दिवशी चारचौघांत म्हणालो. ही तिसरी थाप समजावी. सामन्याआधी साहित्य तपासणीच्या टेबलावर माझ्या पिस्तुलाची जी छाननी झाली ती एखाद्या वधूचीही झाली नसेल. वजन १४०० ग्रॅमच्या आत आहे का, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब तर नाही, ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत ते मावते का, ट्रिगरला १००० ग्रॅमचे वजन टांगून उचलले तर तो सुटतो का, हे सगळे पाहिले गेले. गोळी वर चढते का, हे कोणी पाहिले नाही. ते पाहणे स्पर्धकाचे काम. आणि स्पर्धकाला रास्तपणे दूर करता आले असते अशा कारणाने अडथळा आला तर तो अग्राह्य, असेही एक कलम आहेच. 'रास्तपणे' हा शब्द ज्यांनी घातला त्यांनी माझे मॅगझिन पाहिले नसावे. इतक्या काटेकोर यंत्राला गोळी भरवण्याचे काम शेवटी वाकवलेल्या पत्र्याची एक डबी करते : तळाशी स्प्रिंग, तिच्यावर काडतुसे उचलून धरणारा फॉलोअर आणि तोंडाशी आत वळवलेले पत्र्याचे दोन ओठ. हे ओठ केसभर फाकले की काडतूस वेळेआधी उसळते, आणि केसभर मिटले की ते सुटतच नाही.

त्यातून काडतूस .२२ लाँग रायफल. हे १८८७ सालचे, म्हणजे आपोआप भरणाऱ्या पिस्तुलांच्या आधीचे. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, आणि बारूद पेटवणारा मसाला त्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ती काढूनही टाकता येत नाही. अशी काडतुसे एकावर एक रचायची म्हणजे प्रत्येक वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे बसवावी लागते. एखादी मागे राहिली की वरचे काडतूस पुढे जाताना खालच्याला पकडते, आणि मग दोघेही अरुंद दारात एकमेकांना 'तुम्ही आधी' म्हणणाऱ्या पाहुण्यांसारखे अडून बसतात. शिवाय गोळी नुसत्या शिशाची, तीवर मेणाचा हात. मेण आणि शिशाची भुकटी मिळून मॅगझिनच्या आत जो काळा चिकटा जमतो, तो फॉलोअरला वेळेवर वर येऊ देत नाही; बोल्ट मात्र कोणासाठी थांबत नाही. तो परत येतो, पुरते वर न आलेले काडतूस कडेऐवजी भलत्याच ठिकाणी ढकलतो आणि त्याचे नाक खाली जाते. मी मॅगझिन शेवटचे केव्हा साफ केले होते, हा प्रश्न इथे कोणी विचारू नये.

गृहस्थांनी तोच पहिला विचारला.

सामना संपल्यावर मी सामान आवरत होतो, तेव्हा ते दोरी ओलांडून आले आणि समोर बसले. शर्टाच्या खिशात पेन असते तिथे त्यांच्या व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे मिलिमीटरचेही अंश मोजणारा मापक, होता. "सर, राग मानू नका. मी स्वतः आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. पण म्हणूनच मला दिसतं. झाडणाऱ्याचं लक्ष पुढे असतं."

मी तीन मॅगझिन टेबलावर ठेवली. "यातलं अडकलेलं कुठलं?" त्यांनी विचारले. मला सांगता येईना. तिन्ही एका पेटीतली, एका रंगाची, एका वयाची.

"नंबर घातलेले नाहीत?" ते खुर्चीत मागे रेलले. "मग सर, मी कोणाला मोजू?"

तरी त्यांनी एकाचे ओठ मोजले. पुढे, मागे आणि पुन्हा पुढे. मग पेन्सिलीच्या टोकाने फॉलोअर दाबला आणि मॅगझिन माझ्या कानाशी धरले. "ऐका." मी ऐकले. आत खरोखरच खरखर होती. बुटात खडा गेल्यावर येते तशी, बारीक आणि पाव सेकंदाची. "हा तुमचा सामना," ते म्हणाले. "आणि मागचे ओठ डावीकडे पाव मिलिमीटर जास्त उघडे आहेत. एक बारीक पकड द्या, मी आत्ता—"

"काका, देऊ नका," शेजारून आवाज आला. त्यांची मुलगी पिस्तूल पेटीत ठेवत होती. चौदा-पंधरा वर्षांची असेल. "माझं मॅगझिन बाबांनी असंच नीट केलं होतं. त्यानंतर त्यातून काडतूस बाहेरच येईना."

"ते जास्त मिटलं गेलं," गृहस्थांनी मान्य केले. "पण उडत तर नव्हतं ना?"

त्या मुलीचे गुण माझ्यापेक्षा किती जास्त होते ते इथे देत नाही.

दोष शोधण्याची योग्य रीत मलाही ठाऊक आहे, ती गृहस्थांकडून शिकायची गरज नव्हती. मॅगझिनवर आकडे घालायचे, एकाच डब्यातली काडतुसे वापरायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि अडकलेली प्रत्येक गोळी कितव्या क्रमांकाची आणि कोणत्या मॅगझिनमधली, हे लिहून ठेवायचे. खोड एकाच मॅगझिनबरोबर फिरली तर दोष त्याचा. तिन्हींत दिसली तर पिस्तुलाकडे किंवा काडतुसांकडे वळायचे. गेल्या खेपेला अडले तेव्हा मी काडतुसांचा प्रकार बदलला, स्प्रिंग बदलल्या आणि मॅगझिनच्या ओठांना तेलही चोपडले, हे सगळे एकाच संध्याकाळी. ओठांना तेल लावायचे नसते; त्याला धूळ चिकटते. त्यानंतर काही दिवस सगळे सुरळीत चालले, पण कशामुळे ते मात्र कळले नाही.

या वेळी शहाण्यासारखे वागायचे ठरवले. तिन्ही मॅगझिन उघडून स्वच्छ केली, कोरडी पुसली, बुडावर टोकदार खिळ्याने १, २, ३ कोरले आणि प्रत्येकातून ५० गोळ्या झाडल्या. १५० गोळ्यांत एकही अडली नाही. डावा हात सारा वेळ खिशात होता.

म्हणजे चिकटाच कारण होता असे म्हणावे, तर पाव मिलिमीटरचे काय? तिघांपैकी एकाचे ओठ फाकलेले आहेत, पण ते कोणते हे माहीत नाही, कारण मोजले तेव्हा त्यावर आकडा नव्हता. मी तिन्ही उजेडात धरून पाहिली, पट्टी लावून पाहिली, डोळा बारीक करून पाहिली. पाव मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. त्याला व्हर्निअर लागतो, आणि तो कोणाच्या खिशात असतो हे मला माहीत आहे.