भांडण आजीशी नाही, लसणाशी आहे

दादा, तुमचं म्हणणं असं की, शहरात बसून मी रानअळंबीला बदनाम केलं. राधानगरीच्या रानात तुमच्या आज्या पिढ्यान् पिढ्या ती वेचत आल्या. आणि शिजवताना लसूण काळा पडला नाही की खुशाल खावी. शिवाय ‘डेथ कॅप’ ही जीवघेणी अळंबी युरोपातली, तिचं भय इथं कशाला?

आजीचं मला पूर्ण मान्य. मृगाचा पाऊस झाला की तिचे बांध ठरलेले, वारुळं ठरलेली. वारुळावरची अळंबी वाळवीनं जमिनीत राखलेल्या बुरशीवर वाढते, तिचा देठ मुळीसारखा थेट तिथपर्यंत उतरतो. आजी उकरून अख्खी काढते. आपण हौशी माणसं वरच्यावर खुडतो, आणि बघायची गोष्ट मातीतच राहते. डेथ कॅप ज्या अमानिता कुळातली, त्यातल्या विषारी छत्र्यांच्या देठाच्या बुडाशी फाटकी पिशवी असते, वर गळ्यात बहुधा झालर.

तेवढ्यानंही भागत नाही. भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या खाण्याच्या अळंबीलाही तशीच पिशवी असते. आशियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी डेथ कॅपला हीच समजून खाल्लं आणि जीव गमावले. छत्री रात्रभर कागदावर ठेवली तर बीजाणूंचा ठसा उमटतो: पेंढ्यावरचीचा गुलाबीसर, अमानिताचा पांढरा. वारुळावरचीचाही गुलाबीसरच, पण एंटोलोमा नावाच्या विषारी अळंबीचा ठसाही तसाच पडतो, त्यामुळे नुसत्या ठशावर ताट वाढू नका. हिरवळीवर उगवणाऱ्या मोठ्या पांढऱ्या छत्रीचा ठसा हिरवट आला, तर ती उलट्या-जुलाबांनी हैराण करणारी.

लसूण, चांदीचं नाणं, ‘किड्यानं खाल्लं म्हणजे चांगलं’ या परीक्षा मात्र सोडा. डेथ कॅपमधलं अमाटॉक्सिन हे विष लसणाला काळं करत नाही, उकळून-वाळवून मरत नाही, आणि गोगलगायी ती छत्री बिनघोर खातात. चवीला ती छान लागते, असं ती खाऊन जीव वाचलेल्यांनीच सांगितलंय.

डेथ कॅप मूळची युरोपातली, हे खरं. पण तेवढ्यानं इथलं भय टळत नाही: आसामात एप्रिल 2022 मध्ये रानअळंबी खाऊन 13 जण गेले. त्यात चहामळ्यातली माणसं होती, तीही रानाला नवखी नव्हेत.

अमाटॉक्सिनचा त्रास सुरू व्हायला साधारण 6 ते 12 तास लागतात, कधी त्याहून जास्त. उलट्या-जुलाब होतात, मग दिवसभर बरं वाटतं, आणि त्याच वेळात यकृत निकामी होत जातं. त्यामुळे रात्री जेवून पहाटे पोट बिघडलं, तर ओवा-लिंबू करत बसू नका. उरलेली भाजी, निवडून टाकलेले देठ, जे हाती लागेल ते डब्यात घालून सरळ कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा. त्याच ताटातलं जेवलेल्या प्रत्येकाला न्या, ज्याला काहीच होत नाही त्यालासुद्धा.