वात कुठली घालायची, ते सांगा ना!

मेणबत्ती मधोमध विहीर पाडून विझली की जो तो मेणाला नावं ठेवतो. मेणानं काय केलंय? दोष वातीचा आहे, आणि कुठल्याही मेणाला कुठलीही वात गळ्यात मारणाऱ्यांचा आहे!

मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळल्यावरही पॅराफिनपेक्षा, म्हणजे साध्या मेणबत्तीच्या खनिज मेणापेक्षा, दाट राहतं. ते वर ओढायला जाड, विणलेली सुती वात हवी. आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात ज्या दुकानात मेण मिळतं, तिथे वात एकच, पॅराफिनची, बारीक. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दीदी, सबमें यही चलती है." नाही चालत! ज्योत मेणात बुडते, कडेचं मेण जसंच्या तसं उभं राहतं, आणि एवढं महागाचं मेण वाया जातं.

तेही खरं मिळालं तर. शेजारच्या मुरैन्याकडे मोहरी फुलली की शेतांच्या कडेनं मधमाश्यांच्या पेट्यांच्या रांगा लागतात. म्हणजे मेण आमच्या उंबऱ्याशी, आणि ग्वाल्हेरात हाती पडतं ते पॅराफिन मिसळलेलं! कामकरी माशी पोटाखालच्या ग्रंथींतून खवला खवला करून मेण काढते, आणि हे लोक त्यात भेसळ करतात. चीड येते नुसती. खरी वडी मोडली तर आतून रवाळ, बिनचमकीची दिसते. थंडीत तिच्यावर पांढुरकी भुकटी धरते. ही भुकटी म्हणजे बुरशी नव्हे! तरी "खराब झाली" म्हणून लोक मेणबत्ती परत आणून टेबलावर आपटतात. मऊ फडक्यानं पुसा किंवा हेअर ड्रायरची ऊब द्या, लगेच जाते.

वात तडतडते ती मेणात मध आणि पोळ्याचा डिंक राहिल्यामुळे. पावसाच्या पाण्यात वितळवून जुन्या धोतराच्या कापडातून गाळा, वडी थिजली की खालचा गाळ खरवडा. बोअरच्या जड पाण्यात मेण साबणासारखं फुटतं, हे मेण विकणारा कधी बोलत नाही.

जानेवारीत इथे बत्त्या तडकतात, कारण गार साच्यात गरम मेण पडतं. साचा आधी कोमट करा, ओतल्यावर टॉवेलात गुंडाळून ठेवा. फ्रिजमध्ये अजिबात नको.

सगळ्यात संताप येतो तो "पातेलं सरळ गॅसवर ठेवा" सांगणाऱ्यांचा. अहो, मेण पेटतं! आणि पेटलेल्या मेणावर पाणी पडलं तर भडका उडतो. गॅस बंद करून झाकण ठेवायचं असतं. घरात लहान मुलं असतात, जरा तरी भान ठेवा! उकळत्या पाण्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायला असा कितीसा उशीर लागतो? शिवाय ८५ अंशांच्या वर गेलं की मेणाचा रंग काळवंडतो, तो वेगळाच.

पाकिटावर मधमाशीचं चित्र छापता, "शुद्ध" छापता. मग किती रुंद साच्याला किती जाड वात, ही एक ओळ छापायला काय होतं?