वर यायला सरकता जिना, खाली उतरायला गुडघे

मागच्या महिन्यात आईला नवीन भुयारी मेट्रो दाखवायला घेऊन गेले होते. शहराचं आणि स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण लिहिलं की कॉमेंटमध्ये मुंबई विरुद्ध पुणे सुरू होतं आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. आई ७२ वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण हौस एवढी की आदल्या रात्रीच साडी काढून ठेवली होती.

गेटपाशी पोचलो तर सरकता जिना होता, नवाकोरा, चकचकीत, पण वर येणारा. खाली जायला शेजारी ग्रॅनाइटच्या पायऱ्या. आई म्हणाली, "अगं मला चढायचं काही वाटत नाही, उतरतानाच कळ येते." ज्यांच्या घरात गुडघेदुखीवालं कोणी आहे त्यांना हे सांगायला नको, उतरताना अख्खं वजन वाकलेल्या गुडघ्यावर येतं. पण जिना ठरवणाऱ्याने विचार केला असणार की माणूस दमतं ते चढताना, मग एकच बसवायचा तर वर जाणारा बसवू. पंचविशीतल्या माणसाच्या हिशोबाने बरोबरच आहे म्हणा. गार्डदादा भला होता, म्हणाला, "मावशी, लिफ्ट आहे ना, पण पलीकडच्या गेटला." पलीकडचं गेट म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, आणि रस्ता म्हणजे मधे डिव्हायडर, सिग्नल नाही, गाड्या सुसाट. मग काय, आईने कठडा धरला आणि मोजत मोजत उतरली. ४२ पायऱ्या. हा फक्त वरचा टप्पा बरं का, तिकीट खिडकीपर्यंतचा, प्लॅटफॉर्म अजून त्याच्याही खाली.

खाली मात्र एकदम थाट. गारेगार एसी, भिंतीवर भलंमोठं म्युरल, लोकांनी रांग लावावी असा सेल्फी पॉइंट. मला सुंदर स्टेशनचं वावडं नाहीये, उलट पुण्याचं सिव्हिल कोर्ट स्टेशन मला मनापासून आवडतं. ३३ मीटर खोल, म्हणजे दहा मजली बिल्डिंग जमिनीत उलटी पुरावी तेवढं, आणि तरी छतातून ऊन खालपर्यंत येईल अशी रचना केलीये. मी त्याला सजावट म्हणणारच नाही, ती सोय आहे. एवढं खाली गेल्यावर उजेड दिसला की जीव घुसमटत नाही, वर कुठल्या बाजूला जायचं याचा अंदाज येतो. डिझाइन म्हणजे हे. म्युरल काय, नंतरही लावता येतं.

आम्ही गेलो त्या स्टेशनात बाकडी शोधली तर तिकिटाच्या मजल्यावर एकही नाही. आई शेवटी एका बंद स्टॉलच्या कट्ट्यावर टेकली, स्टॉलवर "लवकरच येत आहे" चा कागद, त्याचीही एक कड सुटलेली.

तिथे बसल्या बसल्या जमिनीतल्या पिवळ्या फरशांकडे लक्ष गेलं. ही काय नुसती डिझाइनची पट्टी नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उभ्या रेघा असतील तर चालत राहा, गोल टिपके असतील तर थांबा, पुढे जिना आहे किंवा कडा आहे किंवा वळायचंय. ज्यांना दिसत नाही त्यांनी पायाने आणि काठीने वाचायची भाषा आहे ती. जपानमध्ये सेइची मियाके नावाच्या माणसाने शोधून काढली आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवली. तर आमच्या स्टेशनातली ती रेघ छान सरळ येत होती आणि थेट सेल्फी पॉइंटच्या चौथऱ्याला जाऊन आपटत होती. टिपके नाहीत, वळण नाही, काही नाही. म्हणजे फरशी बसवणाऱ्याने नकाशाप्रमाणे बसवली, चौथरा बांधणाऱ्याने त्याच्या नकाशाप्रमाणे बांधला, आणि दोन्ही नकाशे एकत्र ठेवून कोणी बघितलेच नाहीत.

आता टॉयलेट. होतं, स्वच्छ होतं, खोटं कशाला बोलू. पण ते तिकीट लावायच्या गेटच्या आत. आम्ही तिकीट लावून बाहेर पडलो आणि मग आईला जायचं होतं, परत आत कसं जाणार? तुम्ही कधी बघितलंय का, आपल्या आया-मावश्या बाहेर जायचं म्हटलं की दोन तास आधीपासून पाणीच पीत नाहीत. कोणी शिकवलेलं नाही त्यांना, आयुष्यभर शहरात वावरून शिकल्यात. कोट्यवधींचं स्टेशन बांधून ही सवय मोडत नसेल तर आपलं काहीतरी चुकतंय. एक गेटच्या आत, एक बाहेर, आणि बाण असा लावायचा की चष्मा न लावताही दिसेल, एवढंच मागणं आहे.

पावसाचं वेगळं सांगायला नको. २६ मे २०२५ ला वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी घुसलं ते सगळ्यांनी मोबाईलवर बघितलंय, स्टेशन सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, आणि पाणी आलं ते काम चालू असलेल्या प्रवेशद्वाराकडून. बँकॉकमध्ये भुयारी स्टेशनचं तोंडच रस्त्यापेक्षा उंच ठेवलंय, आधी चार पायऱ्या वर चढायचं आणि मग खाली उतरायचं, रस्त्यावर पाणी तुंबलं तरी आत येत नाही. साधी, गावाकडच्या जोत्यासारखीच आयडिया. हां, आता त्यात आईला चार पायऱ्या वाढल्या हेही आहेच, म्हणून शेजारी रॅम्प नाहीतर लिफ्ट हवीच.

"सगळं एकदम कसं होणार, आधी सुरू तर होऊ दे" असं म्हणणारे येतीलच आत्ता. त्यांच्यासाठी एक गोष्ट. वॉशिंग्टनची मेट्रो मार्च १९७६ मध्ये सुरू झाली, पण गॅलरी प्लेस नावाचं मधलंच स्टेशन कोर्टाच्या आदेशामुळे बंद ठेवावं लागलं, कारण अपंग लोकांना खाली जायची सोय तयार नव्हती. गाड्या तिथून न थांबता जायच्या. स्टेशन उघडलं डिसेंबरमध्ये. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात स्टेशनांचा उल्लेख आहे, पण लिफ्ट तयार नाही म्हणून फीत कापायचा कार्यक्रम पुढे ढकलला असं माझ्या तरी ऐकण्यात नाही. तुमच्या असेल तर सांगा, मनापासून आनंद होईल.

घरी येताना आईला विचारलं, कशी वाटली मेट्रो? म्हणाली, "छानच आहे गं, परदेशात आल्यासारखं वाटतं." मग रिक्षात बसल्यावर गुडघा चोळत बसली ते घर येईपर्यंत.

पुढच्या रविवारी मावशी येतीये, तिला कौतुकाने सगळं वर्णन करून झालंय, आता दोघींना मिळून परत जायचंय. मी शनिवारी एकटी जाऊन लिफ्ट नक्की कुठल्या गेटला आहे आणि रस्ता कुठून ओलांडता येतो ते बघून येणारे.