‘एवढ्याशा ॲपला एवढा खटाटोप कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

आपण प्रतिक्रिया सविस्तर आणि स्पष्ट शब्दांत लिहिली आहे, म्हणून उत्तरही तसेच देतो. आडत दुकानाच्या आवक-नोंदीच्या ॲपमध्ये एकच नोंद दोनदा पडू नये यासाठी प्रत्येक फॉर्मला स्वतंत्र टोकन (त्याचा एकमेव ओळख-क्रमांक) द्यावे आणि डेटाबेसमध्ये त्या टोकनवर युनिक इंडेक्स (तेच मूल्य दुसऱ्यांदा येऊ न देणारे बंधन) ठेवावा, असे मी लेखात सुचवले होते. आपले म्हणणे असे की, ‘जतन करा’ हे बटण एकदा दाबल्यावर बंद केले आणि नोंद टाकण्याआधी तशीच नोंद आहे का हे सिलेक्टने, म्हणजे डेटाबेसमधून वाचणाऱ्या आज्ञेने, पाहिले, की काम भागते. टोकन वगैरे प्रकार लाखो ग्राहक असलेल्या कंपन्यांसाठी ठीक. परभणीच्या मोंढ्यातल्या दोन संगणकांच्या दुकानाला त्याची गरज नाही आणि नवशिक्यांना मात्र उगाच धास्ती बसते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण आपला मतभेद खरा तिथेच आहे. दुहेरी नोंद गर्दीमुळे होते, असे आपण गृहीत धरले आहे. माझ्या मते ती बहुतेक वेळा उत्तर वाटेत हरवल्यामुळे होते. मुनीम नोंद पाठवतो, सर्व्हर ती डेटाबेसमध्ये टाकतो, आणि ‘झाले’ हे उत्तर परत येण्याआधी रेंज जाते किंवा वीज जाऊन राउटर बंद पडतो. सर्व्हरच्या दृष्टीने काम पूर्ण झालेले असते, मुनिमाच्या दृष्टीने ते झालेलेच नसते, म्हणून तो पुन्हा पाठवतो. त्यात त्याचे काहीच चुकत नाही. यासाठी लाखो ग्राहक लागत नाहीत. एक मुनीम आणि एक बेभरवशाची जोडणी पुरते. म्हणजे चांगल्या नेटवर्कवर चालणाऱ्या मोठ्या ॲपपेक्षा आपल्या मोंढ्यातल्या छोट्या ॲपलाच ही काळजी अधिक घ्यावी लागते.

बटण बंद करण्याला माझा विरोध नाही; घाईत दोनदा पडलेली टिचकी त्याने थांबते. पण उत्तर आलेच नाही तर पुढे काय, हा प्रश्न उरतो. बटण कायम बंद ठेवले तर मुनीम पान रिफ्रेश करणार, आणि ठरावीक सेकंदांनी पुन्हा सुरू केले तर तो ते पुन्हा दाबणार. दोन्ही वाटांनी दुसरी विनंती सर्व्हरवर पोहोचतेच. ब्राउझरने वाट पाहणे सोडले म्हणून सर्व्हरवरचे काम आपोआप रद्द होत नाही, हेही लक्षात घ्यावे. एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या देवाणघेवाणीच्या नियमांच्या) मानकातही, म्हणजे २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये, पुट (ठरावीक जागी लिहिणे) आणि डिलीट (काढून टाकणे) या पद्धतींच्या विनंत्या पुन्हा पाठवल्या तरी अपेक्षित परिणाम एकदाच पाठवल्यासारखा राहतो असे धरले आहे. नवी नोंद सहसा ज्या पद्धतीने जाते त्या पोस्टला ती हमी दिलेली नाही. ती आपल्यालाच उभी करावी लागते.

आता सिलेक्टने आधी पाहण्याविषयी. यात दोन दोष आहेत, आणि ते एकमेकांच्या उलट दिशेचे आहेत. पहिला सर्वपरिचित आहे: दोन विनंत्या जवळपास एकाच वेळी आल्या तर दोघींच्याही सिलेक्टला काहीच सापडत नाही आणि दोघीही इन्सर्ट करतात, म्हणजे नवी ओळ टाकतात. सिलेक्ट आणि इन्सर्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकसंध धरल्या जाणाऱ्या आज्ञांच्या गटात) ठेवले तरी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर, जिथे दुसऱ्याचे अजून पक्के न झालेले बदल दिसत नाहीत, ही फट बुजत नाही. दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. ‘तशीच नोंद’ म्हणजे नेमकी कशी? एकाच शेतकऱ्याचे सोयाबीन एकाच दिवशी दोन खेपांत येते, दोन्ही खेपांत तीस-तीस कट्टे असतात, भावही एकच निघतो. नाव, तारीख, माल आणि वजन यांवरून तपासणारा आपला सिलेक्ट दुसरी खेप दुहेरी समजून नाकारेल, आणि शेतकऱ्याच्या पट्टीतून खरा माल गळेल. मजकुरावरून दोन नोंदी एकच आहेत की वेगळ्या, हे ठरवताच येत नाही. ते फॉर्म उघडणाऱ्या माणसाच्या हेतूवर अवलंबून असते. टोकन तो हेतू नोंदवते. छापील पावतीपुस्तकात मजकूर लिहिण्याआधीच पानावर क्रमांक असतो, तसेच हे आहे.

म्हणूनच टोकन फॉर्म उघडताना तयार व्हावे, बटण दाबताना नव्हे; दर टिचकीला नवे टोकन निघाले तर सगळा उपद्व्याप फुकट. सीएसआरएफचे (दुसऱ्या संकेतस्थळाने केलेल्या बनावट विनंत्या रोखणारे) टोकन यासाठी वापरू नये, कारण अनेक फ्रेमवर्कमध्ये ते सत्रभर तेच राहते आणि मग दिवसाची दुसरी खरी नोंदही अडेल. दुकानातले ॲप अनेकदा आतल्या नेटवर्कवर साध्या, म्हणजे कूटबद्ध नसलेल्या, एचटीटीपीने चालते. तिथे असा एकमेव क्रमांक तयार करणारे ब्राउझरचे रँडमयूयूआयडी हे फंक्शन उपलब्ध नसते, म्हणून टोकन सर्व्हरनेच फॉर्ममधल्या लपलेल्या रकान्यात घालून द्यावे हे सोपे.

डेटाबेसच्या बाजूला टोकनचा रकाना आवक-नोंदीच्याच टेबलमध्ये ठेवावा, म्हणजे टोकन आणि नोंद एकदमच जतन होतात. रकाना नॉट नल असावा, म्हणजे रिकामा सोडता येऊ नये, कारण पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन्ही डेटाबेसांत युनिक इंडेक्स एरवी कितीही नल (रिकाम्या जागा) चालवून घेतो. पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून इन्सर्टला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ (टक्कर झाली तर काही करू नको) जोडता येते. टोकन आधीच असेल तर रिटर्निंगमधून, म्हणजे टाकलेली ओळ परत देणाऱ्या भागातून, काहीच परत येत नाही. तेव्हा त्या टोकनची जुनी नोंद वाचून तीच यशस्वी उत्तर म्हणून पाठवावी. मुनिमाला त्रुटी दाखवू नये, त्याची पावती दाखवावी. मायएसक्यूएलमध्ये मात्र इन्सर्ट इग्नोरच्या मोहात पडू नये. ते दुहेरीपणाबरोबर इतर काही चुकाही केवळ इशाऱ्यावर सोडून देते. तिथे साधे इन्सर्ट करून १०६२ ही दुहेरी मूल्याची त्रुटी पकडणे बरे.

एक अवघड जागा उरते. उत्तर न आल्यामुळे मुनिमाने पुन्हा पाठवण्याआधी वजन दुरुस्त केले, तर टोकन जुने आणि मजकूर नवा. अशा वेळी गुपचूप जुनी पावती परत देणे घातक आहे. दोन्ही मजकूर ताडून पाहावेत, फरक असेल तर ४०९ हा (विसंगती कळवणारा) स्टेटस देऊन आधीची नोंद समोर ठेवावी आणि दुरुस्ती करायची का, हे विचारावे.

हे सगळीकडे लागत नाही, हा आपला मुद्दा मला मान्य आहे. शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक बदलण्याच्या फॉर्मला टोकन नको. तोच क्रमांक दोनदा लिहिला तरी बिघडत काही नाही. जिथे नवी ओळ तयार होते आणि तिच्यावरून पैसे निघतात, तिथेच हा आग्रह आहे. आणि नवशिक्यांच्या धास्तीबद्दल म्हणाल तर एक रकाना, एक इंडेक्स आणि फॉर्ममधली एक ओळ एवढेच हे काम आहे. आपल्या सध्याच्या ॲपवर तपासायचे असेल तर सर्व्हरच्या कोडमध्ये इन्सर्टनंतर, उत्तर पाठवण्याआधी, दहा सेकंदांचा थांबा घाला, फॉर्म पाठवा, तेवढ्यात वायफाय बंद करा, मग सुरू करून तोच फॉर्म पुन्हा पाठवा आणि टेबलमध्ये किती ओळी पडल्या ते मला कळवा.