मागं काच नाही म्हणून घड्याळ नकली ठरत नाही

“महागड्या घड्याळाच्या पाठीमागून मशीन दिसलंच पाहिजे; झाकण बंद असेल तर माल नकली,” असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. हे साफ चुकीचं आहे आणि त्यावर विसंबून कुणाचे लाखो रुपये बुडू शकतात.

रोलेक्सच्या सबमरिनरचं झाकण पूर्ण धातूचं असतं. पाण्याखाली ३०० मीटरपर्यंत चालणारं हे घड्याळ खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनलं, मशीन दाखवायला नव्हे. उलट, कुणी मागं काच असलेला सबमरिनर विकायला आणला, तर तिथंच सावध व्हा! रोलेक्सची काही मोजकी मॉडेल्स, उदाहरणार्थ २०२३ मधलं १९०८, काचेच्या पाठीची आहेत. सबमरिनर त्यांत नाही.

ओमेगाचं स्पीडमास्टर मूनवॉच तर दोन्ही प्रकारांत मिळतं. एकाची पाठ बंद, दुसऱ्याची नीलमणी काचेची. आत मात्र दोन्हीकडे एकच मशीन, कॅलिबर ३८६१.

घड्याळजी ब्रेगेने १८०१ साली पेटंट घेतलेलं टूर्बियाँ, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे वेळेत पडणारा फरक कमी करायला मशीनमध्ये सतत फिरणारा छोटा पिंजरा, आज बहुतेक कंपन्या तबकडीला खिडकी पाडून मिरवतात. पाटेक फिलिपच्या कित्येक घड्याळांत मात्र ते तबकडीमागं झाकलेलं असतं. समोरून फक्त काटे दिसतात. मला हा संयम फार भावतो. तरी मशीनमधल्या धातूच्या पट्ट्यांवरची हाताने घासलेली, आरशासारखी तिरकी कड काचेतून न्याहाळण्यातही खरा आनंद आहे, हे नाकारता येणार नाही.

आणि काचेची पाठ काही हजारांच्या सेइको ५ लाही असते. खरेदीपूर्वी त्या मॉडेलची पाठ मुळात कशी असते, ते कंपनीच्या अधिकृत माहितीत पाहा.