चोरलेलं फुकट चालतंय, मोकळं फुकट नको!

काल मामाचा फोन. "अरे, कॉम्प्युटर परत लटकायलाय, येऊन बघ की जरा." नाही बघणार. डोकं फिरलंय माझं.

मामाचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. डिझाईनचं मशीन म्हणजे इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, रॅम ४ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे धडधाकट मशीन भंगारात घाला! मामा म्हणाला, "सुताचे भाव बघितलास का? नवीन कुठलं घेतोय आता." खरंय.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं, म्हणजे फुकट आणि मोकळी ऑपरेटिंग सिस्टिम. पदरचे पैसे घालून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली. प्रिंटर जोडला तर सीडी-बिडी न मागता चालू. लिबरऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारख्याच पण मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये, मामीनं इनस्क्रिप्ट कीबोर्डवर स्वतः मराठी पत्र टाइप केलं. हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचं टोकन यांची भानगड नको म्हणून दिवाणजींच्या मशीनला मी हातसुद्धा लावला नाही. ते विंडोजवर राहू द्या म्हणालो. मी काही माथेफिरू नाही.

तीन आठवडे एक तक्रार नाही. मग सीसीटीव्हीची वायर ओढायला एक पोरगं आलं. स्क्रीन बघून म्हणालं, "हे काय टाकलाव? सोलापुरात कोण बघणार ह्याला?" आणि पाचशे रुपयांत क्रॅक केलेलं विंडोज ठोकून गेलं. अख्खी डिस्क फॉरमॅट! दोन वर्षांच्या टॉवेल-बॉर्डरच्या डिझाईन गेल्या. बॅकअप घ्या म्हणून मी तीनदा सांगितलेलं, ते वेगळंच.

"मामा, मला एक फोन तरी करायचा!"

"अरे, तो म्हणाला ते फुकटचं असतंय, त्यात दम नसतोय."

फुकटचं!! आणि हे पाचशेचं काय, लायसन्स घेतलंत? ते पैसे गेले पोराच्या पेट्रोलात. विंडोज चोरलेलंच. त्या क्रॅकची पहिली अट काय असते माहितीये? आधी अँटीव्हायरस बंद करा. मग त्याच पोरानं वर आठशेचा अँटीव्हायरस विकला. दाराची कडी काढायचे पाचशे, राखणदाराचे आठशे. आणि मशीन लटकतंय म्हणून फोन मला.

बरं, फुकटचं इतकं वावडं असेल तर व्हीएलसी काढून टाका. लग्नाचे व्हिडिओ बघता ना त्यावर? ते मुक्त सॉफ्टवेअरच आहे, म्हणजे कुणीही वापरा, बदला, वाटा. हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा, आहे. केरळातल्या सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतायत. आणि आमच्याकडं "स्टार्ट बटण कुठं गेलं?" अहो, मिंटचा मेनू त्याच डाव्या कोपऱ्यात आहे, खाली बघा! क्लासमध्ये पत्र लिहायला शिकवत नाहीत, वर्ड शिकवतात. मग चिन्ह बदललं की माणूस गडबडतो.

वर्डची फाईल लिबरऑफिसमध्ये उघडली की कधीकधी टेबल सरकतं, मान्य. पण आठवड्यातून एकदा सरकणाऱ्या टेबलाचा केवढा बोभाटा, आणि पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले की "व्हायरस हाय, चालायचंच."

आणि आपले लिनक्सवाले! यांच्यावर तर जास्त राग. नवख्यानं विचारलं, वायफाय चालेना, की उत्तर काय, "टर्मिनल उघड." म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. पण त्या बिचाऱ्याला टर्मिनल म्हणजे एसटी स्टँड वाटतं. उरलेला वेळ कुठलं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला अवतार, भारी यावर भांडण. मी तरी काय वेगळं केलं? टाकून दिलं आणि आलो निघून. नवी पेठेत एखादा जरी गडी "लिनक्स दुरुस्ती, पाचशे रुपये" अशी पाटी लावून बसला असता, तर मामानं त्या पोराला दारातूनच परत पाठवलं असतं. मामाला सोर्स कोड नकोय. मशीन अडलं की तासाभरात दुचाकीवरून येणारा माणूस पाहिजे. तो माणूस चोरीचं विंडोज घेऊन फिरतोय, आणि आम्ही मोबाइलवर स्वातंत्र्याच्या व्याख्या वाचतोय.

आत्ता परत मामाचा फोन येऊन गेला. म्हणे येताना बॉर्डरच्या डिझाईनचं काही होतंय का बघ. काय होणार, कप्पाळ! त्याच डिस्कवर विंडोज ठोकलंय आणि महिनाभर वापरलंय.