दोरीचा मल्लखांब येतो म्हणून सर्कशीचा दोर येत नाही

आपल्या सीमाभागात दोरीवरच्या मल्लखांबाची चार आसनं जमली की लोक म्हणतात, पोरगी सर्कशीत, म्हणजे तिथल्या वरून उभ्या टांगलेल्या दोरावर, चालेल. निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून ही पोस्ट.

१८८० साली मुंबईत पहिली देशी सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, म्हणजे कृष्णाकाठचे. तीच कृष्णा पुढे चिक्कोडी-अथणीतून वाहते. त्यामुळे सर्कस आपल्याला परकी नाही. पण पूर्वी मूल लहानपणीच तंबूत जायचं आणि तिथेच घडायचं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवायला बंदी केली, आणि ते योग्यच झालं. आता अंग तयार करून घ्यायचं काम तालमीवर आलंय. तालमीला मात्र याचा पत्ताच नाही!

फरक दोरापासून सुरू होतो. मल्लखांबाची सुती दोरी जेमतेम दोन सेंटीमीटर जाड असते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती बसते आणि निम्मी आसनं त्या चिमटीवर उभी असतात. सर्कशीचा दोर तीन ते चार सेंटीमीटरचा. तो त्या चिमटीत मावतच नाही. तिथे पावलाभोवती वेढा घेऊन दुसऱ्या पायाने दाबावा लागतो, आणि मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू पहिल्या मिनिटातच भरून येतात. मल्लखांबाची पोरं इथेच चिडतात. ताकद असते, पण पकडीची सवय वेगळी असते.

क्रम असा ठेवावा. आधी उतरणं. पायात दोर दाबून, हात एकाखाली एक घेत, न घसरता. हात ढिले सोडून सर्रकन खाली आलं की तळवा आणि मांडी भाजलीच म्हणून समजा. मग लटकणं: खांदे कानाला न चिकटवता, तीस सेकंद. खांदा वर चढवून लटकणाऱ्याचा खांदा पुढे दुखतोच, हे आधीच सांगून ठेवावं. मग जमिनीवरून, उडी न मारता, पाय वर नेऊन उलटं होणं. सलग पाच वेळा आणि दोन्ही बाजूंनी जमल्याशिवाय वर जाऊ देऊ नये. कमरेचे वेढे त्यानंतर.

ड्रॉप, म्हणजे वेढा घेऊन अंग खाली सोडणं, सगळ्यात शेवटी. किमान वर्षभराने. प्रेक्षक टाळ्या यालाच देतात, म्हणून सगळ्यांना हेच आधी हवं असतं. ड्रॉप फसतो तो बहुतेक वेळा वेढ्याची दिशा उलटी पडल्यामुळे: वरून सगळं सारखंच दिसतं, पण सोडल्यावर वेढा आवळण्याऐवजी उलगडतो. म्हणून तोच वेढा आधी हातभर उंचीवर, हात न सोडता, शंभरदा घ्यावा. दर वेळी शेपटाची, म्हणजे दोराच्या खाली लोंबणाऱ्या टोकाची, बाजू कुठे आहे ते तोंडाने सांगायचं. वस्तादाने ऐकायचं.

आता टांगणीचं. साठ किलोचा माणूस ड्रॉपमध्ये थांबतो तेव्हा वरच्या टोकाला चार-पाच पट, म्हणजे अडीचशे-तीनशे किलोंचा झटका सहज बसतो. पंख्याचा हूक नको, कौलारू घराची जुनी तुळई नको, गणपतीच्या मंडपाचा बांबू तर नकोच नको. इंजिनिअरने तपासलेला लोखंडी गर्डर, वजनाचा आकडा कोरलेली शॅकल (बोल्टने बंद होणारी U आकाराची कडी), आटे लावून बंद होणारं स्टीलचं कॅराबिनर (दोर अडकवायची उघडझापीची कडी) आणि दोराचा पीळ बसू नये म्हणून स्विव्हल (गोल फिरणारा सांधा). दोराच्या वरच्या फासात लोखंडी थिंबल, म्हणजे फासाच्या आतून बसणारी खोबणीची कडी, हवं. नाहीतर धातूला घासून तिथलाच सूत आधी तुटतो. खाली जाड गादी हवीच, पण तिच्या भरवशावर ड्रॉप शिकवू नये. कृषी दुकानातला नायलॉनचा दोर ताणतो आणि कातडी जाळतो, काथ्याचा टोचतो. सुतीच घ्या.

आणि पावसाळा. बेळगावजवळच्या खानापूरकडे तर जून ते सप्टेंबर दोर कोरडा राहणं मुश्किलच. ओल धरली की सुती दोर आखडतो, कडक होतो, आणि बुरशी लागली तर आतून कुजतो. बाहेरून मात्र ठीक दिसतो. रोज उतरवून हवेशीर जागी टांगा, उन्हात भाजू नका. आठवड्यातून एकदा पीळ हाताने उघडून आतलं सूत बघा. आत काळपट भुकटी निघाली किंवा कुबट वास आला तर तो दोर गेला. त्याचे हातभर तुकडे करून टाका, कोपऱ्यात गुंडाळून ठेवू नका. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी कुणीतरी तोच शोधून काढतं.